नोकरी सोडून शेहेचाळिसाव्या वर्षी कला महाविद्यालयात प्रवेश घ्यावा का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात राहते, वय ४६. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर लगेचच एका सहकारी बँकेत लागले आणि आजवर तिथेच आहे. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा 'अ' श्रेणीत उत्तीर्ण झाले होते. चित्रकलेच्या सरांनी घरी येऊन वडिलांना 'मुलीला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत पाठवा' असे सांगितलेही होते, परंतु मुलीला एकटीने मुंबईत ठेवणे तेव्हा घरच्यांना परवडणारे नव्हते. त्याबद्दल माझ्या मनात कोणाविषयी अढी नाही. आता मात्र बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना येण्याची चर्चा आहे, मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, यजमान शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांचा पाठिंबा आहे. त्यामुळे हा विषय पुन्हा वर आला आहे.

गेली काही वर्षे मी सुटीच्या दिवशी जलरंगात काम करते. समोर छायाचित्र असले की मला ते हुबेहूब उतरवता येते. ओळखीच्या काही जणांनी आपल्या आईवडिलांची व्यक्तिचित्रेही माझ्याकडून करून घेतली आहेत. अडचण अशी आहे की छायाचित्र नसेल तर माझा हात चालत नाही. गेल्या हंगामात माहेरच्या गावी गुऱ्हाळावर गेले होते. रस उकळायच्या काहिलीतून उठणारी वाफ, तिच्या खालच्या चुलाणात चिपाडे सारणारा माणूस आणि रस ढवळणारे गुळवे हे सगळे पाहून हे आपण रंगवायचेच असे वाटले. घरी येऊन कागद पुढे घेतला, तर माणूस कुठे ठेवायचा, काहील केवढी दाखवायची, वाफेच्या मागे काय असायचे, काहीच जुळेना. मग मोबाइलमधली छायाचित्रे उघडून पाहिली, पण मला जे दिसले होते ते त्यांत कुठेच नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. स्वतःचे चित्र रचण्याची ताकद महाविद्यालयात खरोखर शिकवली जाते का, की तिथेही समोर ठेवलेल्या वस्तूंची नक्कलच करून घेतात? बी.एफ.ए., जी.डी. आर्ट आणि ए.टी.डी. यांपैकी माझ्यासारखीने कशाचा विचार करावा? या वयात पूर्ण वेळ वर्गात बसणे झेपते का? आणि एक गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे: मी प्रवेश घेतला तर अठरा वर्षांच्या एखाद्या होतकरू मुलाची जागा अडवल्यासारखे होईल का?

माणदेशी कुंचला

ताई, नमस्कार. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवण्यात माझी बरीचशी नोकरी गेली आणि आता सातारला निवृत्त जीवन जगतो आहे. तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यावरच अधिक लिहितो.

पहिल्या वर्षी वस्तूच पुढे ठेवल्या जातात, हे खरे आहे. पितळी डबा, मडके, मागे सोडलेला कापडाचा पडदा आणि समोर अर्ध्या इम्पिरियल कागदाचा बोर्ड. बाहेरून पाहणाऱ्याला ही नक्कलच वाटते. प्रत्यक्षात त्या वर्गात एक वेगळीच गोष्ट घडवायची असते, आणि ती म्हणजे विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे त्याच्याऐवजी जे दिसते आहे ते काढायला लावणे. टेबलावर डबा ठेवला की नवखा विद्यार्थी त्याचे तोंड लंबगोल काढतो आणि बूड सरळ रेषेने बंद करतो, कारण डबा सपाट टेबलावर बसला आहे हे त्याला ठाऊक असते. परंतु डोळ्याच्या पातळीपासून जितके खाली जावे तितका लंबगोल अधिक उघडत जातो, त्यामुळे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलसर यायला हवी. हे ऐकून एका मिनिटात समजते, पण हाताला पटायला पुष्कळ महिने लागतात. छायाचित्रावरून काम करणाऱ्याला हा झगडा करावाच लागत नाही, कारण कॅमेऱ्याने तो आधीच निकालात काढलेला असतो. तुमचा हात तयार आहे, तो चांगला आहे, परंतु निर्णय घेण्याचे काम आजवर त्याच्याकडे आलेलेच नाही.

आता तुमच्या गुऱ्हाळाचेच घेऊ. तुम्ही उभ्या राहून पाहत होता की बसून, हे आधी ठरवावे लागेल. सपाट जमिनीवर तुम्ही उभ्या असाल तर साधारण तुमच्याच उंचीच्या सर्व उभ्या माणसांचे डोळे तुमच्या क्षितिजरेषेवर, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या रेषेवर, येतील, मग ती माणसे जवळ असोत की लांब. चुलाण जमिनीच्या खाली असते आणि जळण घालणारा खड्ड्यात बसलेला असतो, म्हणजे तो त्या रेषेच्या पुष्कळ खाली जाईल. एवढे ठरले की काहिलीचा लंबगोल किती उघडा दाखवायचा, हेही आपोआप ठरते. वाफेला स्वतःचा रंग नसतो. तिच्या मागे काळोखी भिंत किंवा छपराखालचा अंधार असेल तरच ती दिसते. म्हणून जलरंगात वाफ रंगवायची नसते, तिच्यासाठी कागद राखून ठेवून मागचा गडदपणा बसवायचा असतो. मोबाइलच्या छायाचित्रात ते का आले नाही, तर कॅमेरा एक तर चुलाणातला जाळ धरतो, नाहीतर छपराखालचा अंधार धरतो. तुमचे डोळे मात्र दोन्हीकडे फिरत होते आणि मनात एकच दृश्य जुळत होते. ते जुळलेले दृश्य हेच तुमचे चित्र आहे.

ते कागदावर आणण्याची रीत आपल्याकडे शाळेपासून आहे, पण तिची आपण फार आबाळ केली आहे. इंटरमिजिएटला तुम्ही स्मरणचित्र काढले असेल. बहुतेक शाळांत 'बाजाराचे दृश्य' किंवा 'पावसातील शाळा' असे चार विषय घोकून घेतले जातात आणि मुले तीच पाठ केलेली माणसे कागदावर उतरवतात. खरे स्मरणचित्र म्हणजे सकाळी पाहिलेले संध्याकाळी काढणे. भवानी मंडपात उभे राहून पाच मिनिटे काहीही न काढता केवळ पाहावे, घरी येऊन काडेपेटीएवढ्या चौकटीत तीनच छटांमध्ये, म्हणजे पांढरी, करडी आणि काळी, ते बसवावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन आपले काय निसटले ते ताडून पाहावे. रचना शिकण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. चांगल्या महाविद्यालयात हे करून घेतले जाते, आणि मुख्य म्हणजे वीस जणांची वीस चित्रे एकाच भिंतीवर लावून त्यांच्याविषयी बोलले जाते. घरी एकटीने काम करताना तुम्हाला हे मिळणार नाही, आणि महाविद्यालयाची खरी किंमत माझ्या मते यातच आहे.

अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात सांगतो. ए.टी.डी. ही शाळेत कलाशिक्षक होण्यासाठीची पदविका आहे. तुम्हाला शिकवायचे नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. जी.डी. आर्ट ही कला संचालनालयाची पदविका मूलभूत अभ्यासक्रमानंतर करता येते आणि बी.एफ.ए. ही चार वर्षांची विद्यापीठीय पदवी आहे. दोन्हींत तुमची शाखा 'रेखा व रंगकला' हीच असेल, उपयोजित म्हणजे जाहिरातीसारख्या कामाची कला नव्हे. कोणता कागद हाती पडतो यापेक्षा त्या ठिकाणी पहिल्या वर्षाला कोण शिकवते आणि वर्ग प्रत्यक्ष भरतो का, याची चौकशी अधिक करा. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी जाऊन विद्यार्थ्यांचे काम पाहिले तर पुष्कळ कळते. सगळी चित्रे एकाच हातची वाटली, तर तिथे शिक्षकाची शैली शिकवली जाते आहे असे खुशाल समजावे.

जागा अडवण्याचा विचार मनातून काढून टाका. प्रवेश गुणवत्तेवर होतो. शिवाय माझ्या वर्गात वयाने मोठा विद्यार्थी आला की बाकीची मुले वेळेवर येऊ लागत, हे मी वारंवार पाहिले आहे.

संत्रानगरी

ताई, मी नागपूरची. औषधांचे दुकान चालवत होते, ते दिरांच्या ताब्यात देऊन वयाच्या ४२ व्या वर्षी बी.एफ.ए.ला पूर्ण वेळ प्रवेश घेतला आणि पदवी पूर्ण केली. सरांनी शिकण्याची बाजू इतकी नीट मांडली आहे की मी त्यात भर घालत नाही. मी रोजच्या व्यवहाराचे लिहिते, कारण त्याविषयी मला आधी कोणी सांगितले नव्हते.

सर्वांत मोठी अडचण चष्म्याची झाली. चाळिशीनंतर जवळचा आणि लांबचा नंबर वेगळा असतो, आणि चित्रकलेच्या वर्गात दर काही सेकंदांनी समोरच्या व्यक्तीकडे पाहायचे आणि लगेच कागदाकडे पाहायचे असते. दुभागी भिंगांच्या चष्म्यात कागदाचा वरचा भाग एका भिंगातून आणि खालचा दुसऱ्या भिंगातून दिसतो, त्यामुळे माझी व्यक्तिचित्रे हनुवटीशी नेहमी लांबत असत. हे शिक्षकांच्याही लक्षात आले नव्हते. शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन मी हाताच्या अंतरावरचा, म्हणजे बोर्ड जिथे असतो तेवढ्या अंतरासाठीचा, वेगळा चष्मा करून घेतला आणि समोरचे थोडे धूसर दिसू दिले. डोळे किलकिले करून छटा पाहायला शिकवतात ना, तसा त्या धूसरपणाचा मला फायदाच झाला. दुसरी गोष्ट पाठीची. वर्गात 'डाँकी' म्हणतात तो लांबट बाक असतो, त्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचे आणि पुढे बोर्ड टेकवायचा. मुले तासन्‌तास तशी बसतात. मला ते जमेना, म्हणून मी उभी राहून ईझलवर, म्हणजे चित्र उभे ठेवायच्या घोडीवर, काम करू लागले. उभे राहिले की दर थोड्या वेळाने मागे जाऊन पाहता येते, आणि काम सुधारते.

मुले पहिल्या आठवड्यात 'काकू' म्हणाली, नंतर 'ताई' म्हणू लागली. त्यांच्या हातात जो बेधडकपणा असतो तो आपल्याकडे नसतो. कोळशाने पूर्ण इम्पिरियल कागद दहा मिनिटांत काळा करून पुन्हा पुसून टाकणे त्यांना सहज जमते, आणि आपल्याला मात्र कागद वाया गेल्याचे दुःख होते. ही काटकसर बँकेत आणि दुकानात कामाची असली तरी चित्राच्या वर्गात ती आड येते. माझी सूचना अशी की सरावासाठी स्वस्त कार्ट्रिज कागदाचा मोठा गठ्ठा आणून ठेवा आणि जलरंगाचा जाड कागद केवळ सबमिशनसाठी वापरा.

सगळेच चांगले होते असे मात्र सांगणार नाही. आमच्या महाविद्यालयात कलेतिहासाच्या शिक्षकाची जागा दीड वर्ष रिकामी होती, त्यामुळे तो विषय आम्ही टिपणांवर भागवला. मुद्राचित्रणाचे, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याचे, यंत्र बराच काळ बंदच होते. सबमिशनच्या आधीचे दोन आठवडे घरच्यांसाठी फार कठीण जातात. सासूबाईंची देखभाल तुमच्याकडे असेल, तर त्या काळात कोण लक्ष देणार हे आत्ताच घरात बोलून घ्या. हजेरीची अट ७५ टक्के असते आणि ती प्रौढ विद्यार्थ्याला माफ होत नाही.

एवढे असूनही मी तुम्हाला जा असेच सांगेन. नग्न किंवा सवस्त्र मानवी देह समोर ठेवून सलग काही महिने रेखाटन करण्याची संधी आपल्या समाजात महाविद्यालयाबाहेर जवळजवळ मिळत नाही, आणि बाईला तर नाहीच. त्या वर्गानंतर मला माणसे वेगळीच दिसू लागली: खांदा कुठून फिरतो, वजन कोणत्या पायावर आहे, बसलेल्या माणसाची साडी कुठे ताणली जाते. औषधाच्या दुकानात इतकी वर्षे माणसेच पाहत होते, पण तशी कधी पाहिली नव्हती.

दादरचा वाचक

मी थोडे वेगळे मत मांडतो. ताईंनी दोन्ही बाजू ऐकाव्यात एवढाच हेतू आहे.

तुम्ही ज्या गावात राहता त्याच गावात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आहेत. आबालाल रहिमान मुंबईला जाऊन जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत येऊन शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरच्या परिसराची निसर्गचित्रे रंगवत राहिले. बाबूराव पेंटर मात्र कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. नात्याने भाऊ लागणाऱ्या आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवत, मूर्ती घडवत आणि यंत्रे जुळवत ते शिकले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात दोघांचीही चित्रे पाहायला मिळतात. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे संग्रहालय आहे. चित्रपटातली कारकीर्द सांभाळून त्यांनी निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगची, म्हणजे पूड घासून छटा दाखवण्याची, कामे आयुष्यभर केली. ही ठिकाणे तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि तिथे जाऊन एकेका चित्रासमोर बसून छोटी टिपणचित्रे काढणे हेसुद्धा शिक्षणच आहे.

तुमच्या पेशाला जवळचे उदाहरण भूपेन खक्कर यांचे आहे. ते मुंबईत जन्मलेले आणि व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली ते बडोद्याला गेले आणि सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत त्यांनी अभ्यास केला तो कलासमीक्षेचा, चित्रकलेचा नव्हे. त्यानंतरही कितीतरी वर्षे ते अर्धा वेळ हिशेबनिसाचे काम करत होते. बडोद्याने त्यांना चित्रकारांचा सहवास दिला, रोजच्या चर्चा दिल्या. चित्र काढायला ते स्वतःच शिकले. न्हावी, घड्याळजी आणि लहान दुकानदार त्यांच्या चित्रांत आले ते त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणातून. रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर चित्रकलेत मनापासून लक्ष घातले आणि त्यांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले, हेही सर्वांना माहीत आहे. पण त्यांची परिस्थिती आपल्यापेक्षा फार निराळी होती, म्हणून ते उदाहरण मी पुढे करत नाही.

सांगायचे असे की तुम्हाला पदवीची गरज नसेल, तर चार वर्षांच्या पूर्ण वेळ अभ्यासक्रमासाठी मिळकत सोडण्यापूर्वी एक वर्ष दुसऱ्या रीतीने काढून पाहावे. कोल्हापुरात जलरंगाने प्रत्यक्ष जागेवर काम करणारे लोक आहेत. सुटीच्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर त्यांच्या शेजारी बसा. पावसाळ्यात तिथे हवेत एवढा ओलावा असतो की पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळता वाळत नाही आणि त्यावर दुसरा रंग टाकला की तो पसरतो. त्या ओल्यात काम करायला शिकणे ही कोल्हापूरच्या चित्रकाराची वेगळीच मिळकत आहे. कलेचा इतिहास शिकायचा असेल तर मुंबईच्या ज्ञानप्रवाह संस्थेचे भारतीय सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक्रम पाहा, भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक आणि समकालीन कलेवरचाही अभ्यासक्रम आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून काम करते आहे आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रे पाठवता येतात. तिथे निवड होणे न होणे सोडून द्या. पण ठरलेल्या तारखेला चित्र पुरे करून चौकटीत बसवून पाठवण्याची शिस्त लागते, आणि घरी काम करणाऱ्याला ती फार कमी पडते.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी वाफेविषयी लिहिलेले वाचून रात्री लगेच लहान चौकटी आखून बसले होते. दादरचे वाचक म्हणतात ते पटते, परंतु मला सर्वांत जास्त ओढ त्या भिंतीवरच्या वीस चित्रांची वाटते आहे. माझ्या कामाविषयी आजवर मला कोणी 'छान' याखेरीज दुसरे काहीही सांगितलेले नाही, आणि माझी खरी भूक त्याचीच आहे असे आता लक्षात येते. मानवी देहाच्या अभ्यासाविषयी संत्रानगरी ताईंनी लिहिले, तेही मला घरी बसून मिळणार नाही.

म्हणून असे ठरवते आहे की योजना जाहीर होईपर्यंत नोकरी सोडायची नाही, रोज संध्याकाळी स्मरणचित्र करायचे, रविवारी घाटावर बसायचे आणि येत्या वर्षी बी.एफ.ए.ची प्रवेश परीक्षा द्यायची. संत्रानगरी ताई, त्या परीक्षेची आणि कागदपत्रांची थोडी कल्पना द्याल का? इतक्या वर्षांच्या खंडाचे काय करायचे असते?

संत्रानगरी

अवश्य. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून ही परीक्षा घेतली जाते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे चार भाग असतात, म्हणजे पहिले तिन्ही तुम्ही शाळेत केलेलेच आहेत. तुमचे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र तयार होतीलच. दगा देते ते संकल्पचित्र, कारण त्यात दिलेल्या आकारांतून ठरावीक चौकट नीट भरायची असते आणि सपाट रंग कडा न सोडता लावायचे असतात. जलरंगाची सवय असलेल्यांचा हात इथे अडखळतो. पोस्टर रंग आणून आठवड्यातून दोनदा तरी घड्याळ लावून सराव करा. सामान्य ज्ञानासाठी अजिंठा, वेरूळ, लघुचित्रशैली, आपले चित्रकार आणि शिल्पकार एवढे व्यवस्थित वाचून ठेवा. जे.जे.चा विचार असेल तर एक लक्षात घ्या की २०२३ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिची माहितीपुस्तिका वेगळी वाचावी लागेल.

कागदपत्रांत बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचे प्रमाणपत्र लागते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. माझे सर्वांत जास्त हेलपाटे याच एका कागदासाठी झाले. शिक्षणातील खंडासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, त्यात बारावीनंतरचे शिक्षण आणि नोकरीचा कालावधी स्पष्ट लिहावा. तुमची पदवी लपवू नका, तिची अडचण येत नाही. मूळ गुणपत्रिका बँकेत जमा असेल तर आत्ताच अर्ज करून सोडवून घ्या, कारण प्रवेशफेरीत कागद दाखवायला मोजकेच दिवस मिळतात आणि नेमकी तेव्हाच कार्यालयातली व्यक्ती रजेवर असते.

आणि स्मरणचित्रे फेकून न देता तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. इथे चढवलीत तर सर पाहतील, मीही पाहीन, आणि 'छान' एवढेच लिहून कोणी थांबणार नाही याची काळजी घेऊ.